नानांनी धरलेला अर्धा दिवस

धायरीत आम्ही घेतलेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. वडील रोज सकाळी आईला पाठीवर घेऊन जिना उतरायचे. पहिल्या दिवशी मी मागून आधार द्यायला गेले तर म्हणाले, "तू पुढं हो. रिक्षा थांबव." मग मी रोज पुढे जायचे. मागून दोघांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू यायचं.

"सावकाश. मी काय तुमची बंदूक न्हाय."

"बंदूक एवढी बोलत नव्हती."

खाली पोचल्यावर वडील तिला रिक्षात बसवत, पदर नीट करत आणि मगच स्वतःचा श्वास सोडत. तो श्वास आईला ऐकू जाऊ नये म्हणून ते रिक्षाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहत. मी ते पाहायचे आणि पाहिलं नाही असं दाखवायचे.

आईच्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. आम्ही "गाठ" म्हणायचो. तिला सोमवार ते शुक्रवार रोज शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे होते, आणि शेक संपल्यावर किमो. आमचं गाव माणदेशात, स्वारगेटहून एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. मी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहात एक कॉट होती. ती सोडली आणि तिघं मिळून या खोलीत राहायला आलो. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे पुणे मला माहीत आहे, असं दोघांनी गृहीत धरलं होतं. खरं तर मला कॉलेज, वसतिगृह आणि त्यामधला रस्ता एवढंच माहीत होतं. इस्पितळात कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं, हे मी त्यांच्याबरोबरच शिकले.

वडील सैन्यात होते. तारा ओढायचं, टेलिफोनच्या लायनी जोडायचं त्यांचं काम. मी तिसरीत असताना ते पेन्शन घेऊन गावी आले आणि बापजाद्यांच्या रानात उतरले. आमच्याकडे माजी सैनिक कुठल्याही हुद्द्यावरून परत आला तरी त्याला "मेजर" म्हणतात. वडिलांना ते आवडायचं नाही. "मेजर कुठला, मी हवालदार," असं ते प्रत्येक वेळी सांगायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच हाक यायची.

धायरीच्या खोलीत त्यांनी बराक लावली. पहाटे उठून दाढी, अंथरुणांच्या चौकोनी घड्या, चपला भिंतीशी एका रेषेत. माझी चप्पल तिरकी दिसली की काही न बोलता पायाने सरळ करायचे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाणी सकाळी सहा ते सात. त्यानंतर हवं असेल तर विहीर खणावी लागेल, आणि ती खणायला आमची परवानगी नाही." वडील साडेपाचलाच नळाशी बादली लावून उभे. चार दिवसांनी त्याच बाई जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना सांगा, नळ पळून जाणार नाही." पण त्या दिवसापासून नळाला पाणी आलं की त्या वर हाक मारू लागल्या.

स्वयंपाकही तेच करत. भाकरी त्यांना येत नसे. ती मी करायचे, बहुतेक वेळा फाटायची. आई दोन घास घेई आणि ताट बाजूला सरकवी. वडील ते ताट घेऊन मोरीत जात आणि बराच वेळ घासत बसत. एक ताट घासायला एवढा वेळ का लागतो, असं मला वाटायचं. दिवसा ते आडवे झालेले मी पाहिले नाहीत. बसमध्ये, इस्पितळाच्या बाकावर, जिथे पाठ टेकेल तिथे बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि आईचा नंबर पुकारला की ताडकन उठायचे, जणू झोपलेच नव्हते.

परतीचा पाऊस गावाकडे झाला तेव्हा शेकाचे निम्मे दिवस झाले होते. एका दुपारी नानांचा फोन आला. नाना आणि त्यांची बायको, काकी, आमच्या रानाचे शेजारी. आमचे दोन्ही बैल त्यांच्याच दावणीला होते. चारा त्यांचा, काम त्यांचं, असं ठरलं होतं. वडील बटाटे सोलत होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"मेजर, वाफसा आलाय."

पाऊस पडून गेल्यावर जमीन जेव्हा चिखलही नसते आणि धुरळाही नसते, तेव्हा तिला वाफसा आला म्हणतात. हातात ढेकूळ घेतलं तर ते हलकेच फुटतं. आमच्या कोरडवाहू रानात ज्वारी त्या तीन-चार दिवसांत पेरायची. ऊन तापलं की संपलं.

"मी कसा येऊ?" वडील म्हणाले.

"तुम्ही नका येऊ. मी पेरतो. पैऱ्यानं धरू."

"नको."

"का नको?"

"पैरा घेतला की फेडायला लागतो. मी इथनं कधी सुटणार, ते डॉक्टरलाबी सांगता येईना. मग वायदा कुठल्या तोंडानं करू? राहू दे रान पड यंदा."

"आन बैलं काय खातील? माझा कडबा दोन जोड्यांना पुरायचा न्हाय, मेजर."

वडिलांनी एक बटाटा पूर्ण सोलला. साल कुठेही तुटू दिली नाही. मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर दावा. इकून टाकू."

पैरा म्हणजे काय ते गावाबाहेरच्यांना सांगावं लागेल. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात राबेन. पैशाचा संबंध नाही. दिवसाला दिवस. जो दिवस परत करत नाही त्याला कुणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या सुगीला त्याच्या बांधावर कोणी येत नाही. वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाचा दिवस अंगावर ठेवला नव्हता.

मी वडिलांना म्हटलं, "दादा, शनिवार-रविवार शेक नसतो. तुम्ही जाऊन या. मी थांबते आईजवळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "शनिवारी तिला ताप चढला तर तीन जिने तू उतरवशील तिला?"

आदल्याच आठवड्यात तिला तसा ताप आला होता.

"आन दुसरं," ते बटाट्यांकडे बघत म्हणाले, "चाड्यावर हिची मूठ असती."

पाभरीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, वर एक लाकडी वाटी असते, ते चाडं. मुठीतलं बी त्यात सारखं सोडत मागून चालायचं. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर विरळ. वडील बैल हाकायचे आणि मागे आई. ते सैन्यातून आल्यापासून दरवर्षी असंच. तिच्याशिवाय पेरणी त्यांना करायचीच नव्हती, असं मला त्या दिवशी वाटलं. पण हे त्यांना विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, अजूनही नाही.

संध्याकाळी ते औषधं आणायला खाली गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपलीय.

"नानाला फोन लाव," ती म्हणाली.

"दादा रागावतील."

"लाव म्हणते न्हवं."

मी लावला आणि तिच्या उशाशी धरला.

"वहिनी? आगं, आवाज लई बारीक झाला तुझा."

"आवाजाचं राहू द्या. रान पेरा."

"मेजर नको म्हणत्यात."

"त्यांचं काय ऐकताय? ते बर्फात हुते तवा रान कुणी पेरून घेतलं? पैरा कुणी फेडला?"

मग नाना म्हणाले, "तू फेडलास की. माझ्या रानात काढणी केलीस. ह्या पोरीला बांधावर झोळीत टाकून."

"तीच पोर फेडंल आता."

नाना मोठ्याने हसले. "कॉलेजवाली? ती ज्वारीची ताटं उपटील का मोबाइल बघंल?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती फोनवर दिसत नाही हे लक्षात आल्यावर म्हटलं, "नाना, मी येईन."

"ऐकलं का?" आई म्हणाली. "आन चाड्यावर काकीला धरा. पयली मूठ माझ्या नावानं टाका म्हणावं."

एवढं बोलून ती दमली. डोळे मिटून घेतले. जिन्यावर वडिलांची पावलं वाजली तेव्हा मी फोन लपवावा तसा उशीखाली सरकवला.

तीन दिवसांनी, पेरणी झाल्यावर, नानांनीच वडिलांना कळवलं. वडील तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "हां," "बरं," "बरं," एवढंच ऐकू आलं. उरलेले कपडे त्यांनी सगळे नीट झटकून, चिमटे लावून घातले. मग आत येऊन कोपऱ्यातले बूट काढले आणि पॉलिश करायला बसले. ते बूट ते पुण्यात वापरतही नसत.

बऱ्याच वेळाने, बुटाकडेच बघत, त्यांनी आईला विचारलं, "मूठ कुणी धरली?"

"काकीनं. पयली माझ्या नावानं."

"आन फेडणार कोण?"

आईने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

नव्या रंगरुटाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. "बोलावण्याची वाट बघायची न्हाय," ते म्हणाले. "आपण हून जायचं. येळेच्या आधी जायचं." आणि दुसऱ्या बुटाला ब्रश लावला.

थंडीत शेक संपले आणि किमो सुरू झाली. आई हळूहळू कठडा धरून जिना उतरू लागली. वडील एक पायरी खाली, उलटे, तिच्याकडे तोंड करून. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सगळे दिवस सारखे होते. मी कॉलेजातून यायचे, सिंहगड रस्त्यावर बस अडकायची, खिडकीला डोकं टेकून मी झोपायचे आणि कधी कधी धायरी फाट्याच्या पुढे निघून जायचे. वर्गात मैत्रिणी विचारायच्या, तू हल्ली एवढी गप्प का. "घरी थोडं आहे," असं म्हणायचे.

जानेवारी सरत आला तसं वडिलांनी माझं शिक्षण सुरू केलं. खोलीच्या मध्यभागी मला उभं केलं आणि हातात केरसुणी दिली.

"धर. हे ताट समज. मनगटानं न्हाय ओढायचं. कंबरेतनं वाक, गुडघा सैल सोड, आन उठताना ओढ. मूळ आपूआप येतं."

मी ओढलं.

"ही पिशवी उचलल्यागत झालं. फिर से."

आई कॉटवरून बघत होती. "आवं, केरसुणीला मुळं न्हाईत," ती म्हणाली. "तिला काय कळणार?"

"फिर से," वडील मला म्हणाले.

फेब्रुवारीत मी निघाले. बोलावणं आलं नव्हतं. शनिवारी कॉलेज करून स्वारगेटला गाडी धरली आणि अंधार पडता पडता नानांच्या घरी पोचले. काकींनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस व्हय! मला वाटलं, आता परीक्षा निघंल."

परीक्षा होतीच, दहा दिवसांवर. मी ते सांगितलं नाही.

सकाळी रानात गेलो. प्रत्येकाने आपापली पात धरली, म्हणजे शेजारच्या चार ओळी. दोन्ही हातांनी ताट धरायचं, उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची आणि मागे आडवं टाकायचं. पहिला तासभर मला खूप बरं वाटलं. केरसुणीचं शिक्षण उपयोगी पडतंय असं वाटलं. मग जमीन कडक लागली. भेगाळलेल्या काळ्या मातीने मुळं घट्ट धरली होती. पानांच्या कडांनी मनगटं चिरली. न्याहारीच्या वेळेपर्यंत हाताला फोड आले आणि त्यानंतर ते फुटले. काकी माझ्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. मागे वळून म्हणायच्या, "काय गं, मेंदी काढलीया काय हातावर? जपून धरतीस ती!"

दुपारी मी बांधावर बसले तेव्हा पलीकडे आमचं रान दिसत होतं. ज्वारी उभी होती. मधोमध थोडी विरळ, कडेला दाट. काकींची मूठ आईसारखी नव्हती, ते मलासुद्धा कळलं. पण कणसं भरली होती. आमचे दोन्ही बैल लिंबाखाली बांधलेले होते. एकाने माझ्याकडे पाहून कान हलवले. ओळखलं की माशी बसली, कोण जाणे.

"ती कवा काढायची?" मी नानांना आमच्या ज्वारीबद्दल विचारलं.

"हे झालं की. पुढच्या आठवड्यात."

"आणि त्याचा पैरा?"

"ते परत आलंच," नाना म्हणाले आणि तंबाखू मळत राहिले.

मला तेव्हा फार थकल्यासारखं झालं. हाताने नाही, आतून. एक दिवस फेडायला आले होते तर पुढचे दिवस रानात उभेच होते. आईने ही सगळी वर्षं अशीच काढली असणार. त्या वेळी तिचं वय आज माझं आहे त्याच्या आसपास होतं.

दिवस मावळायला काम थांबलं. नाना माझ्या पातीच्या कडेने चालत आले. मोडलेली ताटं, मुळाशी तुटून जमिनीत राहिलेले बुडखे, सगळं पाहिलं.

"अर्धा धरतो," ते म्हणाले.

मी दिवसभर काम केलं होतं. तसं सांगणार होते. पण काकींची पात आणि माझी पात शेजारी शेजारीच होती, आणि दोन्हींमधलं अंतर कुणालाही दिसलं असतं.

"बरं," मी म्हटलं.

सोमवारी दुपारी खोलीवर पोचले तेव्हा वडील जिन्याच्या तोंडाशी उभे होते. पिशवी त्यांनी घेतली.

"किती धरला?"

"अर्धा."

त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. खोबरेल तेल आणून बोटाने लावलं. "बरोबर धरला नानानं," ते म्हणाले. "खोटा धरला असता तर आपल्याला कमीपणा."

आई कॉटवरून म्हणाली, "मलाबी पयल्या वर्षी अर्धाच धरलावता."

वडिलांचा हात थांबला. "कवा?"

"तुम्ही लगीन करून गेलाव, त्या साली. हात असंच झालंवतं. भाकरी थापता येईना."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"पत्रात काय लिवायचं? अर्धा दिवस धरला म्हणून?" ती म्हणाली. "तुम्ही तिकडं बर्फात. इकडं माझं काय, हातच तर हुतं."

वडिलांनी माझा हात सोडला, तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग कॉटजवळ बसून त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि तळवा वर करून पाहिला. आता तो पिवळसर, मऊ होता, सलाईनच्या खुणा असलेला. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ते बराच वेळ बघत होते. मी चहा ठेवायला उठले.

चहा घेताना त्यांनी आईला विचारलं, "ही तुला जिना उतरवंल?"

"मी उतरते की आता. ही नुसती पुढं असली तरी झालं."

"मग पुढच्या शनिवारी मी जातो. आपली ज्वारी हाय. नानाबरोबर मी असायला पायजे. त्याचंबी थोडं राहिलं असंल, तिथं माझा दिवस लावतो."

ते गेले. जाताना मला सूचना दिल्या: औषधं कुठल्या वेळची कुठे, ताप आला तर कोणती रिक्षा, घरमालकीण बाईंना काय सांगून ठेवलंय. ते दोन दिवस आम्ही दोघीच होतो. आईला ताप आला नाही. रविवारी तिने अर्धी भाकरी खाल्ली, माझी, फाटलेली. मी अभ्यासाला बसले, पण हातांमुळे पेन नीट धरता येत नव्हतं. नुसतं वाचत राहिले.

सोमवारी ते आले तेव्हा घामेजलेले होते आणि जिना चढताना दोनदा थांबले. ते मी वरून ऐकलं. पिशवीत थोडी कणसं होती. आईने एक हातात घेतलं, चोळलं, दाणे तळव्यावर घेऊन पाहिले.

"बैलं?" तिने विचारलं.

"खुशीत हायती. कडबा आपला पुरंल वरीसभर."

"आन तुमचा किती धरला?"

वडिलांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. पुन्हा सरळ केली.

"पाऊण."

आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्या पंचक्रोशीत वडिलांसारखा काढणी करणारा नव्हता, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

"नाना म्हणाला, मेजर, तुमचा आता पूरा धरता येत न्हाय. मी म्हणलं, बरोबर हाय तुझं." मग त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "कंबर धरती आता. दुपारपासनं."

मग आईने बोटांवर हिशोब केला. "हिचा अर्धा, तुमचा पाऊण," ती म्हणाली, "म्हंजे सव्वा झाला की."

वडील हसले. किती तरी महिन्यांनी. आवाज न करता, खांदे हलवत.

"जरा पाठ टेकतो," ते म्हणाले आणि खाली सतरंजीवर आडवे झाले. पायातले मोजे तसेच, बूट मात्र भिंतीशी ठेवलेले. पुढच्या क्षणी झोपले. भर दुपारी, उजेडात, हात पसरून.

आईने ज्वारीचे दाणे माझ्या हातात दिले आणि खुणेने सांगितलं, पंखा बारीक कर, त्यांच्या अंगावर काहीतरी घाल.